रेडिंगचं ते घर या शुक्रवारी पक्कं करू नका

नमस्कार. ‘एजंटाने व्हिडिओत दाखवलं, शाळा घरापासून चार मिनिटांवर आहे’ हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि स्वयंपाक अर्धा टाकून लिहायला बसले. जानेवारीत पुण्याहून इंग्लंडात रेडिंगला, तीन वर्षांसाठी. नवराबायको, साडेपाच वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा. राहायचं कुठे, रेडिंग, स्लाव की लंडनचं हॅरो, हा प्रश्न आणि शुक्रवारपर्यंत होल्डिंग डिपॉझिट, म्हणजे घर धरून ठेवायचे पैसे, भरा म्हणून एजंटाचा तगादा. गावाचं नाव तेवढं बदललं तर ही आमचीच 2017 ची गोष्ट आहे.

आधीच सांगते, मी वकील नाही, घरांच्या व्यवहारातली नाही, कुठल्या कौन्सिलात, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेत, नोकरीलाही नाही. लिहितेय ते फक्त इंग्लंडबद्दल. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. व्हिसा, बँक, सिमकार्ड यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय आणि तुमची कंपनीही सांगेल. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, कारण ती वेळेवर आम्हाला कुणी सांगितली नाही.

इंग्लंडात शाळा घराजवळ आहे म्हणजे शाळेत जागा आहे असं नाही. आपल्याकडे फी भरली, ओळख काढली, चार खेटे घातले की काहीतरी होतं, असं आपण गृहीत धरून येतो. इथे सरकारी शाळेत रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या पहिल्या तीन वर्गांना एका शिक्षकामागे 30 मुलांची मर्यादा आहे, आणि ती 1998 च्या कायद्याने घातलेली आहे. अगदी मोजके अपवाद सोडले तर हेडटीचरला तुमच्याबद्दल कितीही वाटलं तरी एकतिसावं मूल घेता येत नाही. तुमची मुलगी 31 ऑगस्टला पाच पूर्ण होती, म्हणजे ती इयर वनमध्ये जाणार. बरोब्बर त्या मर्यादेतला वर्ग.

आता आमचं काय झालं ते.

आम्ही ऑक्टोबरात आलो. मुलगी सहा वर्षांची, इयर टू. मुलगा नऊचा, इयर फाइव्ह. गाव लंडनच्या पश्चिमेला, नाव लिहीत नाही. घर पुण्यातूनच व्हिडिओवर बघून घेतलं. इथली क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं आणि बारा महिन्यांच्या करारावर सही केली. त्यात मध्येच सोडायची सोय, ज्याला इथे ब्रेक क्लॉज म्हणतात, ती नव्हती. असं काही मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. एजंट म्हणाला, ‘हे घर त्या शाळेच्या कॅचमेंटमध्ये आहे.’ कॅचमेंट म्हणजे शाळा ज्या भागातल्या मुलांना आधी घेते तो भाग. त्याचं म्हणणं खरंच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. मी तर पहिल्याच शनिवारी गणवेशाच्या दुकानात जाऊन दोघांचे गडद हिरवे जंपर, म्हणजे गणवेशाचे स्वेटर, घेऊन आले.

अर्ज भरला तो पत्त्यावर ज्या गावाचं नाव होतं त्या गावाच्या कौन्सिलकडे. दुसरीकडे कुठे भरायचा? आठवडा गेला, दोन गेले. फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘प्रक्रिया चालू आहे.’ मग पत्र आलं की पत्त्याचा पुरावा अपुरा आहे, कौन्सिल टॅक्सचं बिल जोडा. बिलाला अजून महिना होता. चौथ्या आठवड्यात मीच मुलीला घेऊन त्यांच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या माणसाने पोस्टकोड टाइप केला, थोडा वेळ पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमचा रस्ता नकाशावर दुसऱ्या रंगात होता. घर आणि शाळा दोन्ही शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत! चार आठवडे कागद त्यांच्याकडे पडून होते, फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांनी माझा पोस्टकोड लिहून घेतला होता, आणि एकालाही तो तपासावासा वाटला नाही. ‘मग हे कागद तुम्ही पलीकडे पाठवाल का?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘तसं आम्ही करत नाही.’ आठ वर्षांहून जास्त काळ झाला, त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

पलीकडच्या कौन्सिलातली बाई चांगली होती. तिने दोन मिनिटांत सांगितलं की घरासमोरच्या शाळेत इयर टू भरलेला आहे. दहा मिनिटांवरच्या दुसऱ्या शाळेत एक जागा होती, ती गेल्याच आठवड्यात गेली. इयर फाइव्हला ती 30 ची कायद्याची मर्यादा नाही, त्यामुळे मुलाला समोरच्या शाळेत लगेच घेतलं. मुलीला मिळाली 1.8 मैलांवरची शाळा. आठ वर्षांखालच्या मुलाची जवळात जवळची योग्य शाळा दोन मैलांहून लांब असेल तर कौन्सिलला जाण्यायेण्याची सोय फुकट करावी लागते. आमची थोडक्यात आत पडली.

दोन्ही शाळांची फाटकं पावणेनऊला उघडायची आणि पाच मिनिटं कमी नऊला बंद व्हायची. नवरा सातलाच निघालेला. मुलाला आठ वाजता ब्रेकफास्ट क्लबात, म्हणजे शाळेआधी मुलं सांभाळतात तिथे, सोडायचं, त्याचे पैसे वेगळे, आणि मुलीचा हात धरून बस गाठायची. बस चुकली की चाळीस मिनिटं चालत, नोव्हेंबरच्या अंधारात आणि पावसात. तिच्या शाळेचा जंपर निळा. हिरवा खुर्चीच्या पाठीवर लटकत राहिला. ती शाळेतून आली की घरात तोच घालायची. आजारी पडून घरी असली की खिडकीशी उभं राहून समोरच्या पोरांची रांग बघायची. एकदा घंटा वाजल्यावर म्हणाली, ‘आई, दादाच्या वर्गात एक खुर्ची जास्त ठेवली तर?’

मार्चमध्ये एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि तिला समोरच्या शाळेत जागा मिळाली. ती कशी मिळाली हे लक्षात ठेवा. प्रतीक्षायादी आधी येईल त्याला आधी अशी नसते, शाळेच्या निकषांवर लागते. तिचा भाऊ त्या शाळेत होता म्हणून ती यादीत वर होती. उलटंही होतं: तुम्ही आज पहिल्या नंबरवर असाल आणि उद्या कुणी शाळेला खेटून राहायला आलं, तर तुम्ही खाली. अपिलाचा हक्क आहे, पण 30 ची मर्यादा आड येत असेल तर जिंकण्याच्या वाटा फार थोड्या, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका.

तर आता तुमच्याबद्दल. रेडिंगमध्ये ही कौन्सिलची भानगड फार मोठी आहे. लोअर अर्ली, अर्ली, वुडली इथल्या पत्त्यांवर रेडिंग लिहिलेलं असतं, पोस्टकोडही आरजीचाच, पण कौन्सिल वोकिंगहॅम. पश्चिमेला कॅलकट, पर्ली हे वेस्ट बर्कशरमध्ये. तुम्ही लिहिलेला भाग पाहता तुमचं घर वोकिंगहॅममध्ये पडण्याचीच शक्यता जास्त, पण माझ्यावर विसंबू नका. गव्ह डॉट यूकेवर पोस्टकोड टाकला की कौन्सिलचं नाव येतं. त्या कौन्सिलच्या ॲडमिशन विभागाला फोन करा आणि एवढंच विचारा: इयर वनमध्ये आणि मुलाच्या वर्गात आज कुठल्या शाळांत जागा आहेत? ही माहिती मागितली की त्यांना द्यावीच लागते, त्यासाठी इंग्लंडात असणं किंवा घराचा करार असणं लागत नाही. काही शाळा प्रवेश स्वतःच देतात, तेव्हा त्यांना थेट विचारावं लागेल. अर्ज मात्र बहुतेक ठिकाणी मुलं इंग्लंडात पोचल्याशिवाय घेत नाहीत. अर्ज गेल्यावर 15 शालेय दिवसांत लेखी उत्तर मिळालं पाहिजे, हा 2021 पासूनचा नियम आहे. आमच्या वेळी तो नव्हता. उत्तर आलं नाही तर त्याच नियमाचा हवाला देऊन लिहा.

मुलाचं वय नीट बघा. 31 ऑगस्टपर्यंत दहा पूर्ण झाली असतील तर तो इयर सिक्समध्ये, म्हणजे सप्टेंबरात माध्यमिक शाळेत. त्या अर्जाची मुदत 31 ऑक्टोबरला संपली. उशिराचा अर्ज घेतात, पण वेळेत आलेल्यांच्या मागे. कुणीतरी तुमच्या पोस्टखाली ‘ग्रामर स्कूलसाठी स्लाव घ्या’ असं सुचवलंय. ग्रामर स्कूल म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा. स्लावमध्ये चार ग्रामर शाळा आहेत हे खरं, रेडिंगमध्येही रेडिंग स्कूल आणि केंड्रिक आहेत. पण त्यांची इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरात होते आणि नावनोंदणी त्याआधी उन्हाळ्यात. इयर सिक्सच्या मुलासाठी तो विषय यंदापुरता जवळजवळ संपलाय. त्यासाठी स्लावला घर घेऊन रोज उलट प्रवास करू नका. इयर फाइव्हमध्ये असेल तर हातात वेळ आहे.

हॅरोबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑफिस रेडिंगला असेल तर हॅरो नको. मध्ये लंडनमधल्या पॅडिंग्टन स्टेशनला जाऊन गाडी बदलायची, रोज, तीन वर्षं. देशी दुकानं, आपली माणसं, 1932 पासूनचं लंडनचं महाराष्ट्र मंडळ तिथून जवळ डॉलिस हिलला, हे सगळं मला कळतं. पहिल्या हिवाळ्यात मीही मराठी ऐकायला आसुसले होते. पण मंडळात महिन्यातून एकदा जाल, शाळेत दिवसातून दोनदा. मेथीची जुडी आता रेडिंगमध्येही मिळते.

‘आउटस्टँडिंग’ शाळाच हवी असंही लिहिलंय तुम्ही. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेने असा एका शब्दात शेरा द्यायची पद्धत सप्टेंबर 2024 मध्येच सोडली, आणि फलकांवर जे शब्द दिसतात ते कित्येकदा जुन्या तपासणीचे असतात. माझ्या मुलीची ती लांबची निळ्या जंपरची शाळा शेऱ्याने साधारण होती, पण तिला इंग्रजीतून उत्तर द्यायचा धीर तिथल्याच शिक्षिकेने दिला. मला विचाराल तर दोन्ही मुलं एकाच शाळेत आणि चालत जाता येईल अशी, यापुढे बाकी काही महत्त्वाचं नाही. वहिनींची नोकरी सुटतेय ना? मग रोजची धावपळ त्यांच्या वाट्याला येणार. घर ठरवताना मोबाईल त्यांच्या हातात द्या.

कराराबद्दल थोडं. 2025 चा रेंटर्स राइट्स ॲक्ट 1 मे 2026 पासून लागू आहे. त्याने मुदतबंद करार गेले, भाडेकरूला दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघता येतं, आणि एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. म्हणजे आमच्यासारखे वर्षभर अडकणार नाही. पण घर कंपनीच्या नावावर घेतलं, ज्याला कंपनी लेट म्हणतात, तर हे संरक्षण नाही. एचआरला हे आत्ताच विचारा. होल्डिंग डिपॉझिट जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकं. ते देऊन तुम्ही स्वतःहून मागे फिरलात तर ते परत मिळेल असं धरू नका.

कंपनी सुरुवातीचे चार आठवडे सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे सामानासकट तात्पुरतं घर, देतेय असं लिहिलंय. ते पूर्ण वापरा, जमलं तर सहा मागून घ्या. त्या काळात घर स्वतः बघा आणि कपाटं उघडून वास घ्या. बुरशीचा वास व्हिडिओत येत नाही.

सामानाबद्दल विचारलंय म्हणून: ॲल्युमिनियमचा कुकर आणू नका, इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा आणा, रिंगा जास्तीच्या घ्या. मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची पुस्तकं हातातल्या बॅगेत. आपलं लायसन्स इथे 12 महिने चालतं, वहिनींचं मुदतीत आहे ना बघा. आणि लग्नासाठी शाळा बुडवून भारतात येण्याचे बेत आखू नका. पाच दिवस विनापरवानगी बुडाले तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड दंड होऊ शकतो.

एजंटाला आज इतकंच कळवा की सोमवारी सांगतो. घर गेलं तर जाऊ दे, जानेवारीत दुसरी निघतात. उद्या तुमच्याकडे दुपारी अडीच वाजतील तेव्हा इथे नऊ वाजलेले असतील आणि कौन्सिलचे फोन सुरू झालेले असतील. पोस्टकोड, दोघांच्या जन्मतारखा आणि वही समोर घेऊन बसा, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. काय म्हणाले ते इथेच लिहा, मी संध्याकाळी बघते.