रंगाला भुलू नकोस

अरे, घेणाऱ्यासाठी घर तपासताना विक्रीआधी ताजा रंग मारलेला दिसला की पहिल्यांदा भिंतीचा खालचा हातभर पट्टा बघ. आपल्या बडोद्यात ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचार. मालक सांगणार नाही. पोपडा नखाने खरवड. पांढरी भुकटी पडली तर ओलं बोट लाव: विरघळली तर क्षार, म्हणजे भिंतीत ओल; नाही तर नुसती पुट्टी. कपाट सरकवायला सांगच. रावपुऱ्यात एकदा मी भिडेखातर सोडलं, मागे सगळी भिंत ओली निघाली आणि घेणाऱ्या काकूंची बोलणी मी खाल्ली. टाइल्स नाण्याने वाजव, पोकळ असली की कळतं. आरसीसीबीचं (वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण मात्र विचारूनच दाब, वीज जाते आणि कुणाचा तरी काँप्युटर चालू असतोच!