मीठ जसंच्या तसं, पाणी मात्र जड

प्रश्न: जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या टाकीतलं मीठ बरेच दिवस कमीच होत नाहीये, आणि साबणाला फेस येईना, नळावर पांढरे डाग पडायला लागलेत. मशीन बिघडलं का?

उत्तर: लगेच मेकॅनिक बोलवू नका. बहुतेक मिठाचा वर कडक थर जमलाय आणि खाली पोकळी झालीय, म्हणजे पाण्याला मीठ लागतच नाही, मग ब्राइन, म्हणजे मिठाचं दाट पाणी, कुठून होणार आणि पाण्यातला जडपणा ओढून घेणारं रेझिन धुतलं कशाने जाणार! झाडूच्या लाकडी दांड्याने वरून हळूहळू दाबत तो थर फोडा, टाकीच्या भिंतीवर मात्र ठोकू नका, तडा जाईल. मग तीनचार तास थांबा, कारण 1 लिटर पाण्यात साधारण 360 ग्रॅम मीठ विरघळतं पण त्याला वेळ लागतो, आणि मग मॅन्युअल रिजनरेशन, म्हणजे ब्राइनने रेझिन धुण्याची फेरी, हाताने लावा.

थर नसेल आणि टाकीत पाणीच जास्त साचलेलं दिसत असेल तर बहुतेक इंजेक्टर (टाकीतलं ब्राइन ओढून घेणारा छोटा भाग) किंवा त्याची जाळी चोंदलीय, सॉफ्टनर बायपास करून, म्हणजे त्यात जाणारं पाणी वळवून, ती धुवा. आणि हो, स्वयंपाकाचं बारीक मीठ टाकत असाल तर बंद करा, त्याचा तळाशी चिखल होतो. टॅब्लेट मीठच घ्या, टाकी काठोकाठ भरू नका.