जिच्याशी पटत नाही तिलाही तिळगूळ?

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न असा: संक्रांतीला सगळ्यांना तिळगूळ द्यायचा म्हणजे वर्गातल्या ज्या मुलीशी माझं मुळीच पटत नाही, तिलाही द्यायचा का? आणि ती आवडत नसताना तिला गोड बोल म्हणायचं, तर ते खोटं वागणं नाही का? तू हे गाडीत विचारलंस आणि दोन मिनिटांत शाळा आली. उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून देते आहे. रविवारच्या मराठी शाळेमुळे तुला आता बरंच वाचता येतं. एखादं जोडाक्षर अडलं तर मला विचार.

आधी उत्तर सांगते. हो, तिलाही द्यायचा. आणि त्यात खोटं काहीही नाही. असं का, ते सांगायला मला माझ्या गावी जावं लागेल.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात. महाराष्ट्रात थंडीची लाट आली की बातम्यांत निफाडचं नाव हमखास येतं. पारा कधी कधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. तुला हसू येईल, कारण इथं अमेरिकेत, मिनेसोटात शून्याखाली वीस अंश असले तरी तुम्ही बूट-टोपी चढवून बसस्टॉपवर उभे असता. पण तिकडची घरं थंडीसाठी बांधलेली नसतात. वर पत्रे, समोर उघडं अंगण, घर गरम करायला काही नाही. त्या दिवसांत द्राक्षांचे मणी भरत असतात आणि फार गारठा पडला की त्यांना तडे जातात. मग शेतकरी पहाटे बागेत जागोजाग शेकोट्या पेटवून ऊब आणि धूर करतात. आम्ही शाळेत जायचो तेव्हा आमच्या स्वेटरांना त्या धुराचा वास असायचा.

अशा दिवसांत संक्रांत येते. आदल्या दिवशी भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि गाजर, वांगी, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं असं शेतातलं सगळं एकत्र घालून तिळाचं कूट लावलेली भाजी. "न खाई भोगी, तो सदा रोगी" असं माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, आम्हाला ताटावर बसवताना म्हणायची. तीळ, गूळ, बाजरी, लोणी ही सगळी थंडीत अंगाला ऊब देणारी खाणी. काळे कपडे घालायचे तेही याच कारणानं, काळा रंग उन्हाची उष्णता शोषून घेतो. एरवी सणाला काळं चालत नाही, या दिवशी मात्र मुद्दाम घालायचं. संक्रांतीला काळं का घालतात हेही तू विचारलं होतंस, तो प्रश्न इथंच संपला.

आता पणजीची गोष्ट. आमच्या मळ्याला लागून चुलत आजोबांचा मळा होता. दोन्ही मळ्यांमध्ये मातीचा एक बांध. तो बांध कुणी कुणाच्या बाजूला सरकवला यावरून दोन्ही घरांत भांडण झालं, ते तालुक्याच्या कोर्टापर्यंत गेलं. तारखा पडायच्या, आजोबा पांढरी टोपी घालून एसटीनं कोर्टात जायचे. दोन घरांत बोलणं बंद. विहिरीवर समोरासमोर आले तरी माना वळवायचे.

पण संक्रांतीच्या सकाळी पणजी पितळेच्या वाटीत तिळाचे लाडू घालायची, वर स्वच्छ रुमाल टाकायची आणि मला बांधापलीकडे पाठवायची. मोठी माणसं जात नसत, पोरांनी जायचं. त्या घरचा मुलगाही असाच आमच्याकडे यायचा. मी तिथल्या काकूंच्या पाया पडायचे, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचे. त्या एक लाडू तोंडात टाकायच्या, माझ्या हातावर त्यांचा हलवा ठेवायच्या आणि आमची वाटी कधीही रिकामी परत द्यायच्या नाहीत. कधी चार बोरं, कधी उसाचं कांडं. एका वर्षी मी पणजीला तुझ्यासारखंच विचारलं होतं, की आपण त्यांच्याशी बोलत नाही तर लाडू कशाला? ती म्हणाली, "बोलत नाही म्हणूनच."

लाडवानं भांडण मिटलं नाही. मिटलं असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तसं झालं नाही. खटला पुढेही अनेक वर्षं चालला. मात्र एका रात्री आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. आमच्याकडे तेव्हा नुसती सायकल. जीप होती ती त्याच घरी. माझे बाबा कंदील घेऊन बांध ओलांडून गेले आणि त्यांनी ते दार वाजवलं. आतून विचारणा झाली, दार उघडलं, आणि थोड्याच वेळात आजोबा जीपमध्ये होते. सई, त्या रात्री बाबांना "आता यांच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ" असा विचार करत अंगणात थांबावं लागलं नाही. दर वर्षी आमच्या घरातलं कुणी ना कुणी त्या उंबऱ्यावर जाऊन आलेलं होतं. वाट मोडलेली नव्हती.

तिळगूळ देताना आपण समोरच्याला "तू माझी लाडकी आहेस" असं सांगत नाही. तसं सांगितलं असतं तर तुझं म्हणणं बरोबर ठरलं असतं, ते खोटं झालं असतं. आपण एवढंच म्हणतो की यापुढे आपलं बोलणं नीट असू दे. ही इच्छा न आवडणाऱ्या माणसाबद्दलही खरी असू शकते. किंबहुना तिथंच तिची जास्त गरज असते. जिच्याशी तुझं गूळपीठ आहे तिच्याशी तू तशीही गोडच बोलतेस.

आणि मला वाटतं हे तुला आधीपासून ठाऊक आहे, कारण तुझी शाळा हिवाळाभर तेच शिकवते. फेब्रुवारी आठव. व्हॅलेंटाइनच्या आधी टीचर वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी घरी पाठवतात. कार्डं द्यायची तर सगळ्यांना द्यायची, नाही तर कुणालाच नाही. गेल्या वर्षी तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक नाव लिहीत होतीस आणि त्या मुलीचं नाव सगळ्यांत शेवटी लिहिलंस. पण लिहिलंस. दुसऱ्या दिवशी तिच्या कागदी पिशवीतही इतरांइतकीच कार्डं होती. एखाद्या मुलाची पिशवी रिकामी राहिली तर त्याला काय वाटेल, याचा विचार करून कुणीतरी हा नियम केला आहे. मला तो फार आवडतो.

डिसेंबरातला तुमचा विंटर कॉन्सर्टही तसाच. जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडतात, पालक जाडजूड कोट मांडीवर घेऊन बसतात, बुटांखालच्या वितळलेल्या बर्फाची फरशीवर थारोळी होतात, आणि तुम्ही उंचीप्रमाणे पायऱ्यांवर उभे राहता. शेजारी कोण येणार हे तुम्ही ठरवत नाही. आमच्या शाळेत याच दिवसांत गॅदरिंग असायचं. महिनाभर लेझमीचा सराव, मग मैदानात मंडप, गालाला लाली, पाठीमागे कुणाच्या तरी आईच्या साड्यांचा पडदा. लेझमीच्या ओळीही बाई उंचीप्रमाणेच लावायच्या. माझ्या शेजारी जी यायची तिच्याशी माझी वर्षातून निम्मे दिवस कट्टी असायची, पण लेझीम चुकली तर दोघींची चुकायची, म्हणून सराव दोघी मिळूनच करायचो. संक्रांतीनंतर शाळा भरली की कंपासपेटीतून हलवा निघायचा. आधी गुरुजींना, मग बाईंना, मग एकमेकींना. कट्टी सोडायला यापेक्षा चांगला दिवस नव्हता, कारण आधी कोण बोललं हा हिशेबच राहायचा नाही. सगळेच सगळ्यांशी बोलत असायचे.

तुमच्या शाळेच्या दारातलं ते हातमोज्यांचं झाड पाहिलं की मला बरं वाटतं. लोक नवे हातमोजे, टोप्या त्याच्या फांद्यांना अडकवून जातात आणि ज्या मुलांकडे नसतील त्यांना ते मिळतात. कुणी दिले ते घेणाऱ्याला कळत नाही, कुणाला मिळाले ते देणाऱ्याला कळत नाही. आणि चौकात हातात झेंडे घेऊन लहान मुलांना रस्ता ओलांडू देणारी ती पाचवीतली मुलं! तुला माहीत आहे का, शाळकरी मुलांच्या अशा अगदी पहिल्या पथकांपैकी एक आपल्या शेजारच्या सेंट पॉल शहरातच उभं राहिलं, १९२१ साली. तिथल्या कॅथीड्रल शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर कार्मेला हँगी यांनी ते उभारलं. भर थंडीत ती मुलं चौकात उभी राहतात, तेव्हा कुणाशी आपलं पटतं हे बघून झेंडा आडवा धरत नाहीत. इथला हिवाळा जीवघेणा असू शकतो. अशा ठिकाणी माणसांनी निवडून निवडून मदत केली तर कुणाचंच भागणार नाही. आमच्या गावी बांधाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना हे कळत होतं, इथल्यांनाही कळतं.

आता अडचणीची गोष्ट. तिळगूळ तुला शाळेत नेता येणार नाही. काही मुलांना तीळ खाल्ला की अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास घेता येत नाही. अमेरिकेत आता तिळाची गणना मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थांत होते, दूध, अंडी, शेंगदाणे वगैरे आठ पदार्थ आधी होते, तीळ नववा. २०२१ साली तसा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ असल्याचं लिहिणं सक्तीचं झालं. आपल्या लाडवांत तर तीळही आहेत आणि दाण्याचं कूटही. हलव्याच्या पोटातही तीळच असतो. त्यामुळे "घरचं खाणं वर्गात आणू नये" या नियमावर तू रुसू नकोस. तो आपल्या सणाविरुद्ध नाही. ज्या मुलाला तिळानं त्रास होतो, त्याच्यासमोर तिळाचा लाडू धरणं हे संक्रांतीच्या विरुद्ध झालं असतं. लाडू आपण घरी करू, शेजारच्यांना देऊ, आणि देण्याआधी त्यात काय काय आहे ते स्पष्ट सांगू.

वर्गासाठी मला एक सुचलं आहे. निफाडच्या शेजारीच येवला तालुका. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर (संक्रांतीचा दुसरा दिवस) असे तिन्ही दिवस गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, हलकड्या नावाची वाद्यं वाजत असतात, एकाच्या हातात पतंगाचा दोर आणि दुसऱ्याच्या हातात आसारी, म्हणजे दोर गुंडाळायची फिरकी. माझा मामा आम्हाला पतंग बघायला तिकडे घेऊन जायचा. तर आपण रंगीत कागदाचे तळहाताएवढे पतंग करू. एका बाजूला त्या मुलाचं नाव, दुसऱ्या बाजूला देवनागरीत "गोड बोला". टीचरना मी विचारलं, त्यांना कल्पना आवडली. तुला वर्गापुढे दोन वाक्यं बोलायचीही आहेत. उत्तरायण वगैरे सगळं सांगत बसू नकोस. एवढंच सांग की आमच्या गावी हिवाळ्यात एक दिवस असा असतो, ज्या दिवशी सगळे सगळ्यांना काहीतरी गोड देतात आणि नीट बोलायचं ठरवतात. तुझी सोमाली मैत्रीण तुला ईदला काय काय करतात ते सांगते, आग्नेय आशियातून इथं आलेल्या मोंग लोकांच्या नववर्षाला मुलंमुली समोरासमोर उभी राहून चेंडू कशी झेलतात ते तुझ्या वर्गातल्या मुलानं दाखवलं, तसंच हेही.

त्या मुलीचा पतंग मी करणार नाही, तो तूच करायचास. इतरांपेक्षा सुंदर करायची गरज नाही आणि वाईटही करायचा नाही. तिनं घेतला नाही तर तिच्या बाकावर ठेवून ये. लगेच मैत्री झाली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आणि एक नीट लक्षात ठेव. तिळगूळ दिला म्हणून तिचं बोचरं बोलणं गप्प राहून ऐकायचं नाही. ती पुन्हा तुझ्या डब्याच्या वासावरून बोलली तर तिला सांग की हे मला आवडत नाही, आणि तरीही थांबली नाही तर टीचरना आणि मला सांग. पणजीनं लाडू पाठवले, पण बांधावरचा हक्क सोडला नव्हता. आजोबा तारखेला कोर्टात जातच होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

कागद आणि कात्री बैठकीतल्या कपाटात काढून ठेवली आहे, वर्गाची यादी फ्रिजवर लावली आहे. शनिवारी बसू. आजीला फोन १३ तारखेच्या रात्री आठला करायचा, तेव्हा तिकडे १४ ची सकाळ साडेसात असते आणि लाडवांची ताटं नुकती भरून ठेवलेली असतात. या वर्षी बांधापलीकडे वाटी घेऊन कोण जाणार आहे, ते तूच तिला विचार.

तुझी,
आई