तळं काठोकाठ भरलंय, मग रोहित गेले कुठं?

प्रश्न: नमस्कार, मी विट्याचा. दर थंडीत पोरांना गाडीवर घेऊन मायणीच्या तलावावर जातो. मागं तळं निम्मं आटलेलं तेव्हा रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघितलेले, यंदा तळं काठोकाठ भरलंय तर एक पण नाही. टपरीवर कोण म्हणतं टॉवरमुळं, कोण म्हणतं सायबेरियातनं आलेच नाहीत. खरं काय? आणि पक्ष्यांना शेव-मुरमुरे टाकले तर चालतील का, पोरं ऐकत नाहीत.

उत्तर: दादा, टॉवरला उगाच शिव्या नकोत, तळं भरलंय तिथंच गोम आहे. रोहितला पोहता येतं, पण जेवायला त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाण्यात उभं राहायचं, मान खाली सोडून चोच उलटी बुडवायची आणि जिभेनं पंप मारल्यासारखं पाणी आत-बाहेर करत शेवाळ, अळ्या, बारीक जीव गाळून घ्यायचे, आपण चहा गाळतो तसं, फक्त इथं चोथाच खायचा. काठोकाठ तळ्यात असा उथळ काठ उरतोच कुठं, पाणी थेट बाभळींना टेकलेलं असतं. ऊन वाढलं, पाणी मागं सरकलं की चिखल उघडा पडतो, तेव्हा फेब्रुवारी-मार्चात परत एक चक्कर टाका. गॅरंटी नाही हां, येरळवाडीच्या धरणावर पण उतरतात ते.

आणि सायबेरियाचं म्हणाल तर आपल्याकडं कुठलाही पाणपक्षी दिसला की लोक त्याला सायबेरियाचा करून टाकतात. भारतातल्या रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते, चिखलाचे ढिगारे करून त्यावर अंडं घालतात. खरा लांबचा पाहुणा म्हणजे पट्टकादंब, डोक्यामागं दोन काळे पट्टे, तिबेट-मंगोलियाकडनं हिमालय ओलांडून येतो आणि रात्री शेतात चरतो म्हणून शेतकरी वैतागतो ते वेगळं.

तोवर पोरांना वारकरी दाखवा, काळा, कपाळापासून चोच पांढरी, खोल पाण्यात बुड्या मारतो त्यामुळं भरलं तळं त्याला चालतं. आणि हळदी-कुंकू बदक, चोचीच्या मुळाशी लाल टिकली, टोक पिवळं, नाव पोरं स्वतःच ओळखतील.

शेव-मुरमुरे मात्र अजिबात नको, तेल-मिठाचं त्यांच्या कामाचं नाही आणि त्या वासानं कुत्री काठावर येतात. पोरांना भूक लागली तर गाडीपाशी खा. पुढं रोहित आलेच आणि त्यात एखादा करडा-मळकट दिसला तर आजारी समजू नका, ते लहान असतं, गुलाबी व्हायला त्याला अजून काही वर्षं असाच चिखल गाळावा लागतो.