वाचकांचे प्रश्न : घोड्यांच्या ट्रेलरला ब्रेक कंट्रोलर कोणता?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलीच्या रायडिंगसाठी दोन घोडे आणि दोन ॲक्सलचा ट्रेलर घेतला. पिकअपला सात पिनांचा सॉकेट आहे, पण ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून चालवणारा कंपनीचा ब्रेक कंट्रोलर नाही. दुकानात टाइम-डिले आणि प्रपोर्शनल असे दोन प्रकार दाखवले. स्वस्तातला चालेल का?

उत्तर : नाही. लाकूडफाटा न्यायचा असता तर चाललं असतं, घोड्यांसाठी प्रपोर्शनलच घ्या.

टाइम-डिले कंट्रोलरला एवढंच कळतं की ब्रेकचा दिवा लागला. मग तुम्ही सिग्नलपाशी हळूच पाय टेकवा नाहीतर कुणी आडवं आलं म्हणून कचकन दाबा, तो ठरलेल्या चढत्या क्रमानेच ट्रेलरच्या ब्रेकला वीज देतो. गर्दीत ट्रेलर उगाच हिसका देतो, आणि खऱ्या संकटात पहिला क्षणभर पिकअपला मागून ढकलतो. प्रपोर्शनलमध्ये पिकअपचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजणारा सेन्सर असतो. तेवढ्याच प्रमाणात तो ट्रेलर थांबवतो. घोडा उभ्याने प्रवास करतो. हळूहळू वाढणाऱ्या ब्रेकला तो पाय फाकवून तोल सावरतो, हिसक्याला त्याच्याकडे उत्तर नसतं. छाती पुढच्या दांड्यावर आदळते आणि नाल मॅटवरून सरकतात.

वजनाचा हिशेबही बघा. रिकामा ट्रेलर साधारण ३,००० पाउंड, प्रत्येक घोडा १,००० ते १,२००, वर खोगिरं, गवत, पाणी. म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. टेक्सासमध्ये ४,५०० पाउंडांवरचा ट्रेलर हमरस्त्याच्या वेगाने न्यायचा तर ब्रेक कायद्यानेच लागतात.

घेण्याआधी ट्रेलरखाली वाकून ब्रेकचा प्रकार बघा. साधे इलेक्ट्रिक ड्रम असतील तर कुठलाही चांगला प्रपोर्शनल चालतो. इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक डिस्क (विजेच्या पंपाने तेलाचा दाब देऊन चालणारे) असतील तर कंट्रोलरमध्ये तो मोड आहे याची खात्री करूनच पैसे द्या. कंट्रोलरवरचा हाताने ओढायचा खटका गाडी चालवताना न बघता सापडायला हवा. मागे डोलू लागलेला ट्रेलर फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून सरळ करायला तोच उपयोगी पडतो.

बसवताना डॅशखाली घट्ट स्क्रू करा, तोंड गाडीच्या दिशेला समांतर. दुहेरी टेपने चिकटवलेला कंट्रोलर थरथरतो आणि सेन्सर चुकीचं वाचतो. काळी वायर बॅटरीच्या प्लसला, पांढरी थेट बॅटरीच्या मायनसला, लाल ब्रेक दिव्याच्या स्विचला, निळी ट्रेलरच्या ब्रेकला. तुमच्या चार ब्रेकना काळ्या वायरवर २० अँपिअरचा सर्किट ब्रेकर लावा. पिकअपच्या मॉडेलसाठी तयार हार्नेस (प्लगसकट वायरांचा जुडगा) मिळत असेल तर वायर कापूच नका.

प्रश्न : कंट्रोलर प्रपोर्शनलच आहे, तरी ब्रेक लावला की मागे खुरांचा खडखडाट होतो. घोडी आता ट्रेलरमध्ये चढायलाच तयार नाही.

उत्तर : घोडीचं बरोबर आहे, सेटिंग चुकलंय. बहुधा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठरवणारं सेटिंग, जास्त आहे. आधी घोडे न चढवता थोडं चालवून ब्रेक गरम करा. सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जाताना खटका पूर्ण ओढा. चाकं घसटली तर गेन कमी करा; चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. मग घोडे चढवून पुन्हा तपासा, कारण वजन वाढलं की गेन थोडा वाढवावा लागतो. एकच घोडा नेताना परत कमी करा. इथेच बहुतेकजण चुकतात. बूस्ट असेल तर शून्यापासून सुरू करा. तो ब्रेकची सुरुवातच जोरात करतो. सेटिंग जमलं की थांबताना मागून खूर फार तर एकदा हलल्याचा आवाज येतो.

प्रश्न : गेन सर्वांत वर नेला तरी ट्रेलर पिकअपला ढकलतो. कंट्रोलर बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. कंट्रोलर बिघडण्यापेक्षा वायर आणि ड्रम बिघडलेले जास्त सापडतात. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निळ्या वायरभोवती लावा, इंजिन चालू ठेवा, खटका पूर्ण ओढा. १० किंवा १२ इंची ड्रमच्या चार मॅग्नेटना (ब्रेक लावणाऱ्या विद्युतचुंबकांना) मिळून १५ ते १६ अँपिअर जायला हवेत. १२च्या आसपास दिसले तर एका चाकाचा मॅग्नेट किंवा त्याची वायर गेलीय. चारही चाकांना थोडं थोडं कमी मिळत असेल तर गंजलेलं अर्थिंग, हिरवट पडलेल्या पिना किंवा बारीक वायर शोधा. घोड्याचं मूत मॅटखाली झिरपतं, तिथले जोड सगळ्यांत आधी खराब होतात.

करंट पुरेसा असेल तर चाक उचला. ड्रमला आतून घासणारे शू झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर मागच्या फटीतून स्टार-व्हील (दातेरी चकती) फिरवून चाक जड होईपर्यंत घट्ट करा, मग हलकी घासट ऐकू येईल इतकं सैल करा. ड्रम उघडल्यावर शूवर ग्रीस दिसलं तर बेअरिंगमध्ये जास्त पंप केलेलं ग्रीस सील फोडून आत आलंय. ते शू धुऊन वापरू नका, सील आणि शू दोन्ही बदला. नवे शू बसायला ताशी ४० वरून २० मैलांपर्यंत असे २०–३० वेळा ब्रेक लावावे लागतात, मधे थंड होऊ देत. त्याआधी घोडे चढवू नका.

आणि ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर पिकअपपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या यंत्रणेची, बॅटरीही याच वेळी तपासा. पिकअपचा प्लग काढून घ्या, नाहीतर कंट्रोलरला धोका. मग ब्रेकअवेची पिन ओढा आणि ट्रेलर हाताने ढकलून किंवा जॅकवर चाक फिरवून बघा. चाक फिरलं तर बॅटरी बदला. पिन लगेच परत घाला, ती पार्किंग ब्रेक म्हणून ओढून ठेवायची नाही.