भीतीचे इंग्रजी शब्द: आधी एवढंच पक्कं करा

यादी पाठ करू नका. सुरुवातीला 'अफ्रेड' आणि 'स्केअर्ड' हे दोनच पुरेत. 'आय फिअर डॉग्ज' व्याकरणाने बरोबर, पण बोलताना पुस्तकी वाटतं. 'आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ डॉग्ज' म्हणा.

नेहमीच्या चुका:
- 'अफ्रेड फ्रॉम' नाही, 'ऑफ'. ही सवय आधी लावा.
- 'आय अ‍ॅम स्केअरी' म्हणजे लोक तुम्हाला घाबरतात! स्वतः घाबरलात तर 'स्केअर्ड'.
- 'अफ्रेड' नामाआधी लावू नका. घाबरलेलं मूल म्हणजे 'अ फ्रायटन्ड चाइल्ड'.

आणि हो, 'आय अ‍ॅम अफ्रेड ही इज आउट' यात भीती नाहीच. 'माफ करा, ते बाहेर गेलेत' असं नम्रपणे सांगणं आहे. फोनवर हे फार ऐकू येईल.

'ड्रेड', 'टेरर' सध्या राहू द्या. रोज दोन वाक्यं मोठ्याने बोला, जमेल तुम्हाला.