आजोबांचा टर्नटेबल ठेवावा की बदलावा?

जुन्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर हा प्रश्न पडतोच. घाई करू नका. आधी तुमच्या प्लेअरची कार्ट्रिज बघा, म्हणजे सुई बसवलेला, तिच्या थरथरीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग. पूर्वी घरोघरी दिसणाऱ्या सुटकेसछाप प्लेअरांना बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असायची. तिचा भार रेकॉर्डवर ५ ग्रॅम किंवा जास्तच पडतो. चांगली मॅग्नेटिक दीड-दोन ग्रॅमवर भागवते. शिवाय सिरॅमिक थेट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडली की खर्ज गायब, डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. तसा प्लेअर असेल तर तो शोभेला ठेवा आणि दुसरा घ्या.

मॅग्नेटिक असेल आणि टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) ढिला नसेल, तर मात्र जुनं ते सोनं. नवा बेल्ट, नवी सुई, बेअरिंगला थेंबभर तेल. बरीचशी दुखणी एवढ्यात जातात. वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती छापून घ्या. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर, चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला रेघा स्थिर दिसायला हव्यात. एलईडीखाली हा खेळ बहुधा जमत नाही.

मॅग्नेटिकला फोनो प्रीअँप, म्हणजे तिचा क्षीण आवाज वाढवून नीट करणारी पेटी, लागतोच, तिथे कंजुषी नको.

७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना एलपीची सुई चालत नाही. त्यांची खाच रुंद, सुई साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, एलपीला ०.७. मी सुरुवातीला हाच घोळ घातला आणि चाळीसेक नाट्यपदं खरखरीसकट साठवली. सगळी पुन्हा केली, दुसरं काय!

रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये करा. त्याआधी तबकड्या धुवा, पण लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.